मोडत्या संसारांचे पाठीराखे : खानदेशातील दारू, दुरावा आणि मदतीची परंपरा

नवऱ्याच्या दारूने किंवा घरातल्या बेबनावाने संसार मोडू लागला, की खानदेशातल्या बाईला पहिला आसरा माहेरचा आणि दुसरा पंचांचा असे. नोंदणीकृत संस्था, समुपदेशन केंद्रे आणि व्यसनमुक्ती केंद्रे ही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली भर आहे. त्याआधी हे काम जात, गाव, भजनी मंडळी आणि पुढे श्रमिकांच्या संघटना यांनी आपापल्या परीने केले. दारूचा प्रश्न आणि नांदण्याचा प्रश्न एकाच घरातले आहेत, हे ज्यांनी ओळखले त्यांचेच काम या प्रदेशात टिकले. ज्यांनी यांतला एकच प्रश्न हाती घेतला, त्यांचे काम अर्ध्यावर राहिले.

जळगाव शहराला लागून असलेले असोदा हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून. २४ ऑगस्ट १८८० रोजी असोद्याच्या महाजन घराण्यात त्यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी घराण्यात त्यांचे लग्न झाले आणि तिशीत वैधव्य आले. त्यांचे सासर आणि माहेर यांमध्ये अवघ्या काही कोसांचे अंतर होते, आणि हा अपवाद नव्हता. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातल्या लेवा पाटीदार समाजाच्या सोयरिकी बहुतेक याच गावांच्या जाळ्यात होत. लेक दिली ते गाव बाजाराच्या वाटेवर असे, व्याही एकमेकांना शेतीच्या व्यवहारातून ओळखत. त्यामुळे सुनेला मार बसला किंवा नवरा पिऊन पडू लागला, तर बातमी माहेरी पोचायला वेळ लागत नसे. भाऊ गाडी जुंपून तिला घेऊन येई आणि मग बोलणी सुरू होत. तडजोडीची सारी जुनी व्यवस्था या जवळिकीवर उभी होती.

बोलणी चालत ती पंचांसमोर. दोन्हीकडचे ऐकून घ्यायचे, नवऱ्याला समज द्यायची, त्याच्या वतीने एखाद्या वजनदार नातेवाइकाने हमी घ्यायची आणि ‘नांदवायला ने’ असे सांगून लेकीला परत पाठवायचे, हा पहिला टप्पा. तो फसला की काडीमोड. गवताची काडी मोडून, दागिने आणि भांडीकुंडी ज्याची त्याला परत करून, पुढे लेखनाची सोय झाल्यावर कागदावर फारकत लिहून, संबंध संपवले जात. लेवा पाटीदारांची भोरगाव लेवा पंचायत ही या व्यवस्थेची सर्वांत ठळक संस्था. तिचे केंद्र यावल तालुक्यातल्या पाडळसे येथे असून तिच्या प्रमुखाला कुटुंबनायक म्हणतात. नवरा-बायकोतले वाद मिटवणे आणि मिटत नसतील तर रीतीप्रमाणे सोडवणूक करणे हे तिचे जुने काम. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात आर्थर स्टील याने दख्खनच्या जातींचे कायदे व रूढी गोळा केल्या आणि १८२७ च्या सुमाराला ग्रंथरूपात आणल्या. त्यांत सोडचिठ्ठी आणि पाटाच्या (पुनर्विवाहाच्या) रीती तपशिलाने आल्या आहेत. शेतकरी आणि कारागीर जातींत विभक्त होण्याची वाट ब्रिटिश कायद्याच्या फार आधीपासून होती. ब्राह्मण आणि त्यांच्या चालीने चालणाऱ्या जातींत ती वाट नव्हती. तिथे नवऱ्याने टाकलेली बाई जन्मभर ‘टाकलेली’च राहत असे.

या व्यवस्थेचा गुण तिच्या वेगात आणि ओळखीत होता. दोष तितकाच मोठा होता. पंच सगळे पुरुष, बाईच्या वतीने बोलणार बाप किंवा भाऊ, आणि भाऊ गरीब किंवा भावजय नाराज असेल तर तिचे म्हणणे पंचांपर्यंत जातच नसे. मुले बहुधा बापाच्या घरी राहत. जमिनीत लेकीचा हक्क नव्हता, त्यामुळे माहेर हा आसरा असला तरी तो उपकाराचा आसरा होता. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत लेकीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रात मिळाला तो १९९४ च्या कायद्याने. सरकारी न्यायालयांनीही पंचांचे हात बांधले. ‘रेजिना विरुद्ध संभू रघू’ या १८७६ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की नवऱ्याची संमती नसताना लग्न मोडल्याचे जाहीर करण्याचा किंवा बाईला पाट लावण्याची परवानगी देण्याचा जातीला अधिकार नाही. सोडायला तयार नसलेल्या दारुड्या नवऱ्याच्या बायकोची सुटकेची एकुलती वाट या निकालाने बंद झाली. स्त्रियांच्या दृष्टीने हा निकाल घातक होता.

याच दशकात दारूचे अर्थकारण बदलले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघर आणि गावोगाव चालणारे गाळप बंद करून परवान्याच्या भट्ट्या आणि लिलावाने दिलेली दुकाने आणली. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल आणि पावरा समाजांत मोहाची दारू देवकार्यात, लग्नात, मयताला लागत असे. ती घरची होती, हंगामाची होती. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायचा, फुले वाळवून ठेवायची, आणि त्यातली बरीचशी खाण्यातही जायची. दुकानातली दारू मात्र रोख किंवा उधारीवर मिळू लागली आणि उधारीबरोबर सावकार आला. दुकानदार, सावकार आणि जमीन लिहून घेणारा पुष्कळदा एकच माणूस असे. सरकारला उत्पन्न हवे होते आणि दुकानांची संख्या वाढत होती. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. पण अबकारीचे उत्पन्न सोडायला सरकार तयार नव्हते.

खानदेशात दारूविरोधाची पहिली मोठी लाट धर्माच्या रूपाने आली. १९२२ च्या अखेरीस शेजारच्या दक्षिण गुजरातेत आदिवासींमध्ये देवी अंगात येऊ लागली. ती दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दुकानदाराचे काम करू नका, असे सांगे. पंधरा वर्षांनी तळोदा भागात मोरवडच्या गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. ठरल्या वारी रांजणपूरला हजारो भिल्ल जमत. स्नान करायचे, आरती करायची, दारू-मांस वर्ज्य करायचे आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून संबोधायचे. ज्याला आजवर सगळे अरे-तुरे करत आले त्या माणसाला हे संबोधन किती मोलाचे वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. १९३८ मध्ये गुलाम महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेले तेव्हा सरकारने त्यांच्यावर हद्दपारीची कारवाई केली. दारू सोडण्याची शपथ गावाने गावासमोर घेतली होती, म्हणून ती पाळली गेली. एकट्याने घरात बसून घेतलेली शपथ फार दिवस टिकत नाही, हे ‘आप’ या संबोधनावरून आप धर्म म्हटल्या जाणाऱ्या या पंथाच्या मंडळींना अनुभवाने कळले होते. मात्र या चळवळीत बाईचे घरातले स्थान हा स्वतंत्र विषय नव्हता. नवऱ्याची दारू सुटली की तिचे बरे होईल, एवढेच गृहीत होते.

काँग्रेसच्या कार्यक्रमात दारूच्या दुकानांवरची निदर्शने १९३० च्या सविनय कायदेभंगापासून ठळक झाली आणि त्यांत स्त्रिया पुढे होत्या. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पूर्व खानदेशातल्याच फैजपूरला झाले. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये संपूर्ण राज्यात बंदी लागू झाली. उघडी दुकाने गेली, हातभट्ट्या आल्या. नवसागर आणि सडका गूळ घालून गाळलेली दारू जुन्या मोहाच्या दारूपेक्षा कितीतरी वाईट होती. पिणाऱ्याला उपचार मिळावा, त्याच्या घरच्यांना आधार मिळावा, याची फारशी तजवीज या कायद्याने केली नव्हती. त्याच्या लेखी पिणारा हा गुन्हेगार होता, आणि गुन्हेगाराला दंड झाला की तो दंड घरच्या धान्याच्या पैशांतून भरला जाई. साठीच्या दशकात बंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या सुमारास देशी दारूची परवाना दुकाने गावोगाव पोचली.

विवाहाचा कायदा याच काळात बदलत होता. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंतील द्विभार्या विवाहांना बंदी केली आणि १९४७ मध्ये हिंदूंना न्यायालयातून घटस्फोटाचा हक्क दिला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा देशभर आला, पण त्याच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोट तसाच ठेवला. काडीमोड कायद्याच्या आत राहिली ती या कलमामुळे. भोरगाव पंचायतीसारख्या संस्थांचे महत्त्व त्यानंतरही का टिकले, याचे उत्तर इथे आहे. दारू पिणे हा मात्र या कायद्यात घटस्फोटाचा स्वतंत्र आधार नाही. दारूपायी होणारा छळ क्रूरतेत बसवावा लागतो, आणि क्रूरतेवरून घटस्फोट मागता येऊ लागला तो १९७६ च्या दुरुस्तीपासून. पोटगीची अवस्थाही दयनीय होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ प्रमाणे जास्तीत जास्त ५०० रुपये महिना मिळे. ही मर्यादा केंद्राने २००१ मध्ये काढली.

शहाद्याचे प्रकरण या सगळ्यात वेगळे आहे आणि त्याला खानदेशाच्या इतिहासात मोठी जागा द्यायला हवी. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. तापीकाठच्या काळ्या जमिनी भिल्लांच्या हातून गेल्या होत्या आणि ते त्याच जमिनींवर सालदार म्हणून राबत होते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर झालेल्या गोळीबाराने तालुका पेटला. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, भजनाच्या आणि सर्वोदयाच्या परंपरेतून आलेले भिल्ल कार्यकर्ते होते. त्यांच्याबरोबर शहरांतून आलेले तरुण कामाला लागले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. मागणी जमिनीची आणि मजुरीची होती. दारू हा तिचा विषय नव्हता.

तो विषय बायकांनी आणला. १९७२-७३ च्या दुष्काळात बायका खडी फोडण्याच्या कामावर होत्या. मजुरी वाढवून घ्यायची तर ती नवऱ्याच्या हातून गुत्त्यात का जावी, हा प्रश्न त्यांच्या शिबिरात निघाला. शिबिर संघटनेने मजुरी आणि हक्क समजावून सांगण्यासाठी घेतले होते. बायका बोलू लागल्या त्या नवऱ्याच्या पिण्याबद्दल आणि माराबद्दल. बोलणे संपवून त्या उठल्या, शेजारच्या गावातल्या गुत्त्यावर गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. पुढचे महिने हे लोण गावोगाव पसरले. एका गावच्या बायका दुसऱ्या गावी जात, कारण आपल्याच गावात दीर-सासऱ्यांसमोर मडके फोडणे अवघड होते. बायकोला मारणाऱ्याला गावासमोर बोलावून माफी मागायला लावले जाई. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लढ्यावर पुढे अभ्यासपूर्ण लेखन केले.

पंचांपुढे जी बाई भावाच्या तोंडून बोलत होती ती इथे स्वतः बोलली आणि तिच्या पाठीशी नातेवाइकांऐवजी दुसऱ्या घरच्या बायका उभ्या राहिल्या. आप धर्माने पुरुषाची शपथ गावाची केली होती. शहाद्याच्या बायकांनी बाईचे दुःख गावाचे केले. संघटनेच्या पुरुष नेत्यांना हे सुरुवातीला आडवळण वाटले असले तर नवल नाही, पण या कामामुळे बायका पुढच्या जमीन आणि मजुरीच्या लढ्यांत मोठ्या संख्येने उतरल्या. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली गेले. पुढे याच भागात श्रमिक स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली आणि मारहाण, दुसरी बायको, टाकून देणे हे प्रश्न तिच्या बैठकांत नेहमीचे झाले. एक उणीव मात्र राहिली. मडकी फुटली तरी ज्याचे शरीर दारूवाचून थरथरत होते त्याचे काय करायचे, याचे उत्तर मोर्चाजवळ नव्हते.

ते उत्तर वैद्यकातून आणि व्यसनी माणसांच्या आपापसांतल्या मदतीतून आले. अमेरिकेत अ‍ॅक्रन या गावी १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाले आणि १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन. या दुसऱ्या गटाची कल्पना साधी पण मोलाची होती : नवऱ्याने पिणे थांबवले नाही तरी बायकोला स्वतःचे आयुष्य सावरण्याचा हक्क आहे आणि त्यासाठीही सोबत लागते.

महाराष्ट्रात या विचाराला घर मिळाले ते पुण्यातल्या मुक्तांगणमध्ये. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगीचा हात पुढे केला. येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांनी त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दसाठी उघडलेल्या केंद्रात पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. राज्यभरातून, खानदेशातूनही, माणसे येऊ लागली. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच कार्यकर्ते होणे, बायकांसाठी वेगळ्या सभा आणि घरी गेल्यावरचा लांबलचक पाठपुरावा ही तिथली पद्धत. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या. त्यानंतर त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम वाढवले. आज महाराष्ट्रातल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत चालणाऱ्या अनेक केंद्रांवर मुक्तांगणच्या पद्धतीची छाप आहे.

या पद्धतीतला वैद्यकीय भाग खेड्यातल्या घरांनी समजून घेण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत भास, झटके आणि भ्रम होऊ शकतात, प्रसंगी जीवही जातो. ‘खोलीत कोंडून ठेवा’ हा जुना घरगुती उपाय म्हणूनच धोक्याचा आहे. पिणाऱ्याला न सांगता जेवणात चूर्ण घालून दारू सोडवण्याच्या जाहिराती गावाच्या भिंतींवर अजून दिसतात. अशा चूर्णात डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि ते दारूबरोबर पोटात गेले तर रक्तदाब कोसळू शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. अशा जाहिरातींवर चिडून उठावे असे बरेच काही आहे, कारण त्या गळ घालतात ती सर्वांत हतबल झालेल्या बाईला.

विभक्त झालेल्या बाईसाठीचे काम याच काळात स्वतंत्रपणे वाढले. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत सासरच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अ आले. त्याच सुमारास केंद्रीय समाजकल्याण मंडळाने स्वयंसेवी संस्थांमार्फत कौटुंबिक सल्ला केंद्रे चालवण्याची योजना सुरू केली. १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली बाई पोलीस ठाण्यात बसणार, ही रचना पुढे राज्याच्या इतर जिल्ह्यांत गेली. खानदेशाच्या दक्षिणेला, संगमनेरला १९८८ मध्ये समता आंदोलनाने निशा शिवूरकर यांच्या पुढाकाराने परित्यक्तांची परिषद घेतली. घटस्फोटही नाही आणि नांदवणेही नाही, अशा अवस्थेत माहेरी बसलेल्या हजारो बायकांची दखल सरकारच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. त्यांना रेशनकार्ड वेगळे मिळावे, पोटगी मिळावी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव चालावे, या साध्या वाटणाऱ्या मागण्या तिथून पुढे आल्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आणि पैशाची कोंडी हाही हिंसाचार मानला. मजुरी दारूत उडवून घरात दाणा न ठेवणाऱ्या नवऱ्याविरुद्ध संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येऊ लागले ते यामुळे.

गावपातळीवर दोन सरकारी पावले पाठोपाठ पडली. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावच्या समित्यांकडे नवरा-बायकोचे तंटेही येऊ लागले. जुन्या पंचांची जागा ग्रामसभेने नेमलेल्या समितीने घेतली, पण बाईवर तडजोडीचा दबाव येण्याचा जुना धोकाही तिच्याबरोबर आला. मार्च २००८ च्या आदेशाने गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यायचे, आणि निम्म्याहून जास्त मते बंदीच्या बाजूने पडली तर परवान्याचे दुकान बंद करायचे, अशी तरतूद केली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात; आडवी म्हणजे बंदी. आडव्या बाटलीचा कौल मिळाला तरी परवान्याचे दुकान जाते, हातभट्टी राहते. म्हणून मतदान झाल्यावरही बायकांच्या गटाला राखण करावी लागते. २०११ मध्ये राज्याने व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले.

असोद्यासारख्या शहरालगतच्या गावातले घर आज मदतीसाठी निघाले तर त्याच्यापुढे या सगळ्या वाटा एकाच वेळी उघड्या असतात : माहेर, समाजाची पंचायत, तंटामुक्ती समिती, पोलीस ठाण्यातला कक्ष, संरक्षण अधिकारी, न्यायालय आणि व्यसनमुक्ती केंद्र. अनुभवी कार्यकर्ते आधी बाईची आणि मुलांची त्या रात्रीची सोय पाहतात, मारहाण असेल तर नोंद करून ठेवतात, आणि पिणाऱ्याला उपचाराला नेण्याची गोष्ट नंतर काढतात. उपचार आणि नांदणे हे दोन निर्णय ते मुद्दाम वेगळे ठेवतात. नवरा केंद्रात दाखल झाला म्हणून बाईने लगेच सासरी परतायचे नाही. तो बरा होऊन आला तरी काही महिने पाठपुराव्याच्या सभेला दोघांनी यायचे, पगार किंवा मजुरी कुणाच्या हाती द्यायची ते लिहून ठरवायचे, आणि मग हवे असेल तर एकत्र राहायचे. तिने वेगळे राहायचे ठरवले तर त्याचा उपचार थांबत नाही आणि तिची पोटगीही बुडत नाही.